पीडीपी-११ला झेपेल असा सी कंपायलर

सी ही भाषा ज्या यंत्रावर लहानाची मोठी झाली, त्याच पीडीपी-११साठी धड सी कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या सूचनांत उतरवणारा प्रोग्रॅम) शोधण्यात माझा अख्खा हिवाळा गेला. हे ऐकून ऑफिसमधली पोरं हसली. हसू देत. त्यांच्या लॅपटॉपवर कंपायलर आपोआप येऊन बसलेला असतो, त्यामुळे तो निवडावा लागतो हेच त्यांना ठाऊक नाही.

यंत्र म्हणजे मायक्रोपीडीपी-११/७३, जुन्या पीडीपी-११ संगणकांच्या घराण्यातलं. आमच्या रस्त्यावर एक आजोबा राहतात, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधून निवृत्त झालेले. मी राहते तो मॅसॅच्युसेट्सचा भाग म्हणजे डिजिटलची जन्मभूमीच. १९५७ साली ही कंपनी मेनार्ड गावात असाबेट नदीकाठच्या लोकरीच्या जुन्या गिरणीत सुरू झाली, आणि १९९८ साली कॉम्पॅकने ती विकत घेतली. या पट्ट्यात कुठल्याही घराचं बेसमेंट आवरायला काढा, तिचं काही ना काही निघतंच. आजोबांनी घर लहान करायचं ठरवलं आणि त्यांच्याकडची दोन यंत्रं, एक ११/२३ आणि एक ११/७३, ‘तू इंजिनिअर आहेस, तूच सांभाळ’ म्हणून आमच्याकडे आली. आमच्या ह्यांनी एकच अट घातली: वॉशिंग मशीनचा प्लग काढायचा नाही.

मला त्यावर खेळ खेळायचे नव्हते, पंचांग चालवायचं होतं. मिरजेच्या मामाला गणिताचा नाद. दर वर्षी सोलापूरचं दाते पंचांग आलं की तो तिथी संपायच्या वेळा स्वतः काढून ताडून पाहतो. त्याच्यासाठी मी कधीकाळी सीमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला होता, साध्या पीसीवर चालणारा. फोनवर मामा म्हणाला, “तुझ्या त्या खोक्यावर तिथी निघते का बघ की गं.” झालं, काम मिळालं.

हा प्रोग्रॅम कंपायलरची परीक्षा घ्यायला फार चांगला आहे, हे मला नंतर लक्षात आलं. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या रेखांशांतला फरक भागिले बारा अंश. ऐकायला सोपं. पण चंद्राची जागा काढायची तर साइनच्या पन्नाससाठ पदांची बेरीज करावी लागते, आणि सगळा हिशेब चालतो ज्युलियन दिनांकावर. आजचा ज्युलियन दिनांक चोवीस लाखांच्या पुढे आहे. पीडीपी-११वर इंट, म्हणजे सीमधला साधा पूर्णांक, असतो १६ बिटांचा. त्यात ३२,७६७च्या पुढचं काही मावत नाही. म्हणजे ३२ बिटांचा लाँग हवा, आणि तो नीट चालायला हवा. बरं, फ्लोटवर भागवावं म्हटलं, तर ३२ बिटी फ्लोटमध्ये अपूर्णांकाला २४ बिट मिळतात. चोवीस लाखांच्या घरात दोन लगतच्या संख्यांमधलं अंतर पाव दिवसाचं होतं. सहा तास! तेवढ्यात चंद्र सूर्यापासून तीन अंश पुढे सरकतो. मामा फोन आपटेल. तेव्हा ६४ बिटांचा डबल हवाच.

आणि इथे पीडीपी-११ने मला सुखद धक्का दिला. त्याचा ६४ बिटी डी-फ्लोट आजच्या आयईईई डबलपेक्षा जास्त काटेकोर आहे. आजच्या डबलमध्ये अपूर्णांकाचे ५३ बिट धरले जातात, डी-फ्लोटमध्ये ५६. घातांकाला जागा कमी, त्यामुळे १०चा ३८वा घात ओलांडला की संपलं; पण पंचांगाला एवढे मोठे आकडे लागतात कुठे? माझ्या ११/७३तल्या जे-११ चिपमध्ये फ्लोटिंग पॉइंटच्या सूचना आहेतच. कंपायलरला त्या वापरता आल्या म्हणजे झालं.

आता ६४ केबीचं दुखणं. यंत्रात मेमरी ४ एमबीपर्यंत घालता येते, पण एका प्रोग्रॅमला एका वेळी दिसतात फक्त १६ बिटांचे पत्ते, म्हणजे ६५,५३६ बाइट. ११/७३मध्ये सूचना आणि डेटा यांना वेगवेगळे ६४ केबी देता येतात. ११/२३मध्ये ती सोय नाही. माझ्या मूळ प्रोग्रॅममध्ये वर्षभराच्या दर तासाची चंद्राची जागा एका अ‍ॅरेत साठवली होती. ३६५ गुणिले २४ म्हणजे ८,७६० नोंदी, प्रत्येकी ८ बाइट, एकूण ७०,०८०. पीसीवर याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, इथे मात्र तो अ‍ॅरे अस्तित्वातच येऊ शकत नाही. एका वेळी एकच दिवस हाताळायचा, असं सगळं नव्याने बांधलं. त्यात कंपायलरचा काही दोष नाही आणि कुठलाही कंपायलर त्यावर औषध देऊ शकत नाही. ‘चांगला कंपायलर घातला की मोठा प्रोग्रॅम मावेल’ अशी आशा या यंत्राबाबत धरू नये.

सुरुवात आरटी-११पासून केली, कारण आजोबांच्या डिस्कवर तीच होती. आरटी-११, आरएसएक्स, आरएसटीएस या डिजिटलच्या स्वतःच्या सिस्टिम्स. यांच्यावर सी म्हटलं की पहिलं नाव येतं डेकस सीचं. डेकस ही डिजिटलच्या ग्राहकांची संघटना. सदस्य आपापले प्रोग्रॅम टेपवर एकमेकांना वाटायचे, त्यातलाच हा एक. लहान, चिवट, फुकट. पण त्याची सी फार जुन्या वळणाची, आणि शिवाय त्याच्या मागे उभा आहे आरटी-११चा लिंकर, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा. तिथे नावं रेडिक्स-५० पद्धतीने साठवली जातात. चाळीस चिन्हांची वर्णमाला घ्यायची, म्हणजे तीन अक्षरांच्या ६४,००० जोडण्या होतात आणि त्या १६ बिटांत बरोबर बसतात. चाळीस अष्टमान पद्धतीत ५० लिहितात, म्हणून हे नाव. युक्ती झकास, पण दोन शब्दांत सहाच अक्षरं मावतात. लहान-मोठ्या अक्षरांत भेद नाही आणि अंडरस्कोअरला जागाच नाही. माझ्या प्रोग्रॅममधली निम्मी नावं ‘तिथी’ने सुरू होतात, आणि रोमन लिपीत तिथीलाच पाच अक्षरं जातात. उरलं एक. त्यावर घर कसं चालवायचं?

दुसरं नाव व्हाइटस्मिथ्स. पी. जे. प्लॉगर यांनी १९७८ साली काढलेली कंपनी. सी जिथे जन्मली त्या बेल लॅब्सच्या बाहेर सी कंपायलर विकणाऱ्यांत अगदी पहिली. कंपायलरची ख्याती चांगली, पण लायब्ररी त्यांनी स्वतःच्या मनाने बांधलेली. तिथे प्रिंटएफ नाही, त्याच्या जागी पुटएफएमटी. भाषा तीच आणि घर परकं. डिजिटलनेही उशिराने स्वतःचा पीडीपी-११ सी काढला, तो आन्सी, म्हणजे सीच्या अधिकृत प्रमाणाच्या, वळणाचा. कागदावर मला हवं ते सगळं त्यात होतं. पण सरळ मार्गाने त्याची प्रत पदरात पडेना, तेव्हा तो नाद सोडला.

मग आरटी-११लाच रामराम ठोकला आणि २.११ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती चढवली. जुनी हार्ड डिस्क आतल्या रबराचा डिंक झाल्यामुळे हलायचं नाव घेईना, म्हणून क्यू-बसच्या खाचेत क्यूबोन नावाचं कार्ड बसवलं. ते डिस्क असल्याचं सोंग उत्तम वठवतं. २.११ बीएसडी १९९१ साली आली, पीडीपी-११च्या विसाव्या वाढदिवसाचं निमित्त साधून, आणि तिचे पॅचेस या शतकातही येत राहिले. तिला सूचना-डेटा वेगळे ठेवणारं यंत्र लागतं, त्यामुळे बिचारं ११/२३ बाद. तुमच्याकडे ११/२३च असेल तर २.९ बीएसडी बघा, तिचं त्यावर जमतं.

२.११ बीएसडीचा सीसी म्हणजे डेनिस रिची यांच्याच कंपायलरचा वंशज. याच्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण मला तो मनापासून आवडला.

तो एक प्रोग्रॅम नाही. सी-झिरो सोर्स वाचून त्याची फोड करतो आणि तात्पुरत्या फाइलीत लिहून ठेवतो. सी-वन ती फाइल वाचून असेंबली, म्हणजे यंत्राच्या सूचनांची लिखित यादी, काढतो. ‘ओ’चा पर्याय दिला तर मध्ये सी-टू येतो आणि त्या असेंबलीवरून हात फिरवतो: फालतू उड्या काढून टाकतो, आधीच रजिस्टरमध्ये असलेली गोष्ट पुन्हा आणू देत नाही. लहान स्वयंपाकघरात एकीने पोळ्या लाटून बाहेर पडावं, मग दुसरीने भाजायला आत जावं, तसा प्रकार. असं का, तर सगळे एका वेळी ६४ केबीत मावतच नाहीत. आणि हे तर सुखाचे दिवस! बेल लॅब्समधल्या पहिल्या ११/२०ला सगळी मिळून २४ केबी मेमरी होती. १९७२मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण भाषेत तेव्हा स्ट्रक्चर नव्हतं. ते आलं, आणि १९७३च्या उन्हाळ्यात काम तडीस गेलं. कंपायलर आणि भाषा दोघेही एकमेकांच्या मापाने कापले गेले आहेत हे या सीसीची असेंबली वाचताना जागोजागी दिसतं. पॉइंटर पुढे सरकवत शब्द कॉपी करणारी ओळ लिहिली आणि पॉइंटर रजिस्टरमध्ये ठेवले, की निघते एकच मूव्ह सूचना.

(यावरून एक दंतकथा सगळीकडे सांगतात, की सीमधलं प्लस-प्लस पीडीपी-११च्या ऑटोइन्क्रिमेंटवरून, म्हणजे पत्ता आपोआप पुढे सरकवण्याच्या सोयीवरून, आलं. नाही. ते थॉम्पसन यांनी सीची पूर्वज असलेल्या बी भाषेत आणलं, तेव्हा पीडीपी-११ जन्मलाच नव्हता. मुलाखतीत उमेदवाराने हे सांगितलं की मी मान डोलावते, पण मनात एक गुण कापते.)

फाइलीचीही एक गंमत. जुन्या एक्झिक्युटेबल फाइलीचा पहिला शब्द अष्टमान ४०७. हा आकडा कुणी सहज सुचला म्हणून घेतलेला नाही. पीडीपी-११च्या भाषेत ती खरीखुरी ब्रँच सूचना आहे. तिचा अर्थ: सात शब्द पुढे उडी मार. हेडर आठ शब्दांचं. म्हणजे फाइल जशीच्या तशी मेमरीत ओतून पहिल्या बाइटपासून चालवली, तरी ती आपलं हेडर ओलांडून कोडवर जाऊन पोचते. सूचना-डेटा वेगळे असतील तर तोच आकडा ४११ होतो. मी डंप काढून बोटाने गणित जुळवून पाहिलं, आणि रात्री उशिरा बेसमेंटमध्ये एकटीच हसले.

तर हा सीसी माझ्या पंचांगाला कितपत पुरला? लाँग उत्तम. डबल उत्तम, या भाषेत पूर्वी फ्लोटची प्रत्येक आकडेमोड डबलमध्येच व्हायची, आणि इथे मला तेच हवं होतं. नावांची लांबीही पुरेशी. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली, सुरुवातीचा अंडरस्कोअर धरून आठच अक्षरं मोजली जायची. तिथे माझी ‘तिथी_स्टार्ट’ आणि ‘तिथी_स्टॉप’ ही दोन फंक्शनं रोमन लिपीतली पहिली सात अक्षरं सारखी म्हणून एकच ठरली असती. २.११मध्ये तो त्रास गेला.

उरला प्रश्न वळणाचा. हा सीसी आन्सीच्या आधीचा. कॉन्स्ट माहीत नाही, प्रोटोटाइप (फंक्शन काय घेतं याची आगाऊ घोषणा) माहीत नाही. प्रोटोटाइप गाळून फंक्शनं जुन्या पद्धतीने मांडणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, तेवढ्याने कंपाइलही झालं. पण प्रोटोटाइप नुसता शोभेचा नसतो. डबल घेणाऱ्या फंक्शनला तुम्ही साधा शून्य दिला, तर प्रोटोटाइप बघून नवा कंपायलर त्याचा गुपचूप डबल करतो. जुना तसं करत नाही. तो स्टॅकवर दोन बाइटांचा शून्य ठेवतो, आणि पलीकडचं फंक्शन तिथून आठ बाइट उचलतं. उरलेल्या सहा बाइटांत जे असेल ते. चंद्र कुठल्या राशीत आहे हे मग ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. अशा कोडवर लिंट चालवल्याशिवाय पुढे जायचंच नाही, असा मी नियम केला आहे. स्टीफन जॉन्सन यांचं ते जुनं अवजार या यंत्रावर अजून खणखणीत चालतं आणि अशी प्रत्येक जागा नाव घेऊन दाखवतं. मी सगळीकडे शून्याचं शून्य दशांश शून्य केलं, लिंट गप्प झालं, तिथी निघाली. पंचांगातल्या वेळेशी मिनिटाच्या आसपास जुळली. मामाने “आसपास म्हणजे किती?” विचारलं, ते सोडा.

आता जीसीसी, आजचा सगळीकडे चालणारा फुकट सी कंपायलर. लोक सांगतात, कशाला जुन्याच्या मागे लागतेस, जीसीसीला पीडीपी-११ येतो. खरं आहे. १९९०च्या दशकापासून त्यात हा विभाग आहे, आणि २०१८च्या सुमारास पॉल कोनिंग यांनी त्याची चांगली डागडुजी केली. लॅपटॉपवर बसून नव्या वळणाचं सी लिहा, पीडीपी-११चं कोड घ्या. पण जीसीसी स्वतः पीडीपी-११वर कधीच राहणार नाही. त्याचा नुसता सीसी-वन, म्हणजे खुद्द सोर्स वाचणारा भाग, कित्येक मेगाबाइटचा. आणि तो येतो एकटा, लायब्ररीशिवाय. साइन, प्रिंटएफ तुमचं तुम्ही आणा. म्हणून मी असं केलं: जीसीसीकडून युनिक्स पद्धतीची असेंबली काढून घ्यायची, सिरियल केबलने यंत्रावर न्यायची, सेड या मजकूर बदलणाऱ्या अवजाराने थोडी सारवासारव करायची, आणि तिथलाच असेंबलर आणि लायब्ररी वापरून लिंक करायची.

यात खोच आहे ती डबल परत देण्याच्या रीतीत. बीएसडीची साइन आपलं उत्तर फ्लोटिंग पॉइंटच्या पहिल्या रजिस्टरमध्ये ठेवते. जीसीसी, काही सांगितलं नाही तर, ते मेमरीत शोधतो. त्याला ‘एम-एसी-झिरो’ हा पर्याय द्यावा लागतो, मग दोघांचं जमतं. ३२ बिटी भागाकारासाठी तो स्वतःच्या लायब्ररीतलं फंक्शन मागतो, तेही असंच असेंबली करून न्यावं लागतं. शिवाय लॅपटॉपवर बनवलेली लाँगची बायनरी कोष्टकं तशीच नेऊ नका. पीडीपी-११ लाँगचा वरचा शब्द आधी ठेवतो, पण प्रत्येक शब्दाच्या आत खालचा बाइट आधी. धड हे नाही, धड ते नाही. मी कोष्टकं साध्या मजकुराच्या रूपात नेली.

इतकं करून वेग किती वाढला? पंचांगात नावापुरताच. कारण वेळ सगळा जातो साइनमध्ये, आणि साइन दोन्हीकडे तीच, बीएसडीच्या लायब्ररीतली. जीसीसीने माझे लूप कितीही सुरेख केले तरी ते बसून राहतात साइनचीच वाट बघत. उलट, मजकूर चाळणारा पूर्णांकांचा एक प्रोग्रॅम मी दोन्हीकडून बांधून पाहिला, तिथे जीसीसीने स्पष्ट आघाडी घेतली. त्यामुळे माझी वाटणी झाली आहे: नव्या वळणाचा मोठा सोर्स असेल आणि पूर्णांकांचे लूप असतील तर जीसीसी, आकडेमोड असेल तर यंत्राचा सीसी, लिंटसकट. टॅनेनबॉम यांच्या अ‍ॅम्स्टरडॅम कंपायलर किटमध्येही पीडीपी-११ आहे, सातव्या आवृत्तीसाठी. ते पुढच्या हिवाळ्यावर ढकललं आहे.

मामाला आता नक्षत्रही हवं आहे. तिथीत चंद्र-सूर्याचा फरक घेतल्याने अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन रेखांशांमधलं अंतर, आपोआप कटतो. नक्षत्राला तो मोजावाच लागतो, म्हणजे आणखी एक फंक्शन. ते मी सरळ जुन्या वळणातच लिहिते आहे, म्हणजे स्क्रिप्टचा फेरा वाचेल. लॅपटॉपवर तपासताना मात्र जीसीसी १५ने तक्रार केली, कारण त्याने गृहीत धरलेल्या सी-२३मधून जुन्या पद्धतीच्या फंक्शन व्याख्या काढून टाकल्या आहेत, आणि रिकामा कंस म्हणजे त्याच्या लेखी ‘काहीही घेत नाही’. त्याला ‘एसटीडी बरोबर जीएनयू८९’ असं सांगितलं की निमूटपणे घेतो. मेकफाइलमध्ये ती ओळ टाकून ठेवली आहे.